वळणाचा फर्मा

माझ्या बाबांनी आयुष्यात एकच पायरी चुकवली, असं आमच्या घरात हसत हसत सांगितलं जायचं. सुतारकामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. भिंत कितीही वाकडी असो, त्यांची फळी तिला अशी बिलगायची की मध्ये कागद सरकणार नाही. पण स्वतःच्या घराचा जिना करताना वळणावरची पायरी बोटभर खाली राहिली. चढताना पाय नेहमीच्या अंदाजाने टाकावा, तर पायरी हवी त्यापेक्षा खाली. पाय धपकन आदळायचा आणि पुढची पायरी मग तेवढीच उंच लागायची. उतरतानाही तेच. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिथे एकदा ठेचकाळायचा आणि बाबा खालून म्हणायचे, "तेवढी एक राहिली बघा माझ्याकडून." पाहुणे हसायचे, मी हसायचे. आई हसायची की नाही ते मला आठवत नाही, कारण तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

मीही सुतारच. गिऱ्हाइकं पहिल्यांदा येतात तेव्हा माझ्या खांद्यावरून आत डोकावतात, मेस्त्री कुठे आहेत म्हणून. मी त्यांना काही समजावत बसत नाही. हातात प्लायची पट्टी देते आणि धरा म्हणते. धरतात बिचारे.

टेपवर माझा फारसा विश्वास नाही, तो बाबांचाही नव्हता. आकडा लिहिला की चुकतो, सांगितला की त्याहून चुकतो. वाकड्या कोपऱ्याला, तिरक्या पायरीला, फुगलेल्या भिंतीला आकड्यात पकडताच येत नाही. तिथे फर्मा लागतो. पातळ प्लायच्या पट्ट्या घ्यायच्या, जागेवर एकेक टेकवायच्या, जशी भिंत जाईल तशा त्या जाऊ द्यायच्या आणि एकमेकींना गोंदाने, खिळ्याने जखडून टाकायचं. जागेचा अख्खा आकार असा उचलून दुकानात आणता येतो. मग चांगल्या लाकडावर तो ठेवायचा, पेन्सिल फिरवायची आणि कापायचं. दोनच गोष्टी सांभाळायच्या. वरच्या अंगाला 'वर' असं लिहायचं, नाहीतर फर्मा उलटा पडून डावं उजवं होतं. आणि प्रत्येक फळी पहिल्या फर्म्यावरूनच आखायची, कापलेल्या फळीवरून दुसरी आखायची नाही. पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते. फळीवरून फळी आखत गेलं की शेवटची फळी भलत्याच घरासाठी कापलेली निघते. म्हणून पहिल्या फर्म्याला भोक पाडून तो खिळ्याला टांगायचा आणि जीव गेला तरी फेकायचा नाही. घरातच जिन्याखाली बाबांचं दुकान होतं, त्याच्या भिंतीवर असे फर्मे अंगावर अंग टाकून लटकलेले असायचे. ज्यांची घरं कधीच पडली त्यांचेही.

बाबा गेले आणि त्यानंतर आईची नजर हळूहळू विझत गेली. उजेड-अंधार कळायचा, माणूस उभं आहे एवढं कळायचं, बाकी सगळं धुरकट. तरी त्या घरात ती एकटी बिनधास्त वावरायची, कारण तिच्या पायांना सगळं पाठ होतं. मग घर विकायचं ठरलं. ज्याने घेतलं तो ते पाडून नवं बांधणार होता. आई आमच्याकडे येणार हे उघडच होतं. माझा जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत. माझ्या घरात आईने धडपडता कामा नये, कोणाचा हात न धरता, न घाबरता ती चढली-उतरली पाहिजे.

आमचं घर अरुंद. खाली माझं दुकान आणि मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. मधला जिना लोखंडी, शिडीचाच मोठा भाऊ. तो काढायचाच होता. मग मनात आलं, की आईला माझा जिना शिकवत बसण्यापेक्षा तिचा जिनाच इथे आणला तर? लाकूड जुनं, पोखरलेलं, ते हलवण्यात अर्थ नव्हता. पण आकार तर उचलता येतो.

"लोकांच्या सासवा येताना ट्रंक आणतात," माझा नवरा म्हणाला, "माझी सासू जिना आणतेय." तो वायरमन आहे. दिवसभर भिंतींना भोकं पाडतो आणि संध्याकाळी माझ्या बोलण्याला.

जुन्या घरी मी आठवडाभर जिन्यावर बसून होते. प्रत्येक पायरीचा वेगळा फर्मा घेतला, कठड्याला हात कुठे टेकतो तेसुद्धा आखून घेतलं. वळणाशी आले तेव्हा आठवलं, की बाबांच्या दुकानातल्या भिंतीवर याचा त्यांनी केलेला फर्मा असणार. होताच. जिन्याच्या बाजूच्या फळीचा, करवतीसारख्या दातांचा, आणि त्यातला एक दात बोटभर खाली. कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात 'वर'. मी तो आणून पायऱ्यांना लावला. केसभरसुद्धा फरक नाही. माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी त्यांचा हात माझ्या हाताखाली होता. मी त्यांचे सगळे फर्मे दोरीत बांधले आणि टेम्पोत घातले.

निघण्याआधी मी आईला विचारलं, "वळणाची पायरी तशीच ठेवते हं. तुझ्या पायाला तीच सवय आहे. सरळ केली तर तू पडशील."

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. "तुझं घर आहे," ती म्हणाली. "तू ठरव."

मी ते हो म्हणूनच ऐकलं.

नवऱ्याने मात्र विचारलं होतं, की चूक मुद्दाम कशाला उतरवायची? मी त्याच्यावर चिडले. त्याला म्हटलं, तू तुझ्या तारा बघ. चूक असो की काही असो, ती बाबांची आहे आणि आईच्या पायांत बसलेली आहे. मी चिडले की तो गप्प बसतो, आणि मग बरोबर होता हे मला नंतर एकटीला कबूल करावं लागतं. फार वाईट सवय आहे त्याची.

जिना झाला. माझ्या हातून इतकं चांगलं काम पूर्वी झालं नव्हतं. बाबांच्या दुकानात होता तसाच माझा कामाचा बाकही मी जिन्याच्या बाजूच्या फळीला जोडून घेतला; जागा वाचते आणि बाक हलत नाही. आई आली, तिने कठड्याला हात लावला, आणि पहिल्या पायरीपासून अशी चढत गेली जशी आपल्याच घरात चढतेय. वळणावर धप. मग ती थांबली. हात कठड्यावर तसाच. मी खाली उभी राहून डोळे पुसत होते आणि मला वाटलं, तिलाही भरून आलंय.

मग छोट्या छोट्या गोष्टी सुरू झाल्या.

आईला रेडिओचं वेड. डोळे गेल्यापासून दिवसभर तो तिच्या उशाशी गुणगुणत असायचा. नवरा एकदा वर चहा देऊन आला आणि म्हणाला, "मी वर गेलो की आई रेडिओ बंद करतात. जावई इतका नकोसा झालाय का?" मी म्हटलं, तुझ्याशी बोलायचं असेल. "बोलत नाहीत ना. कप घेतात आणि मी जायची वाट बघतात."

मग माझ्याही लक्षात आलं. मी चढताना वळणाच्या पायरीवर पाय आदळायचा आणि वर रेडिओ बंद व्हायचा. खोलीत शिरावं तर आई पलंगाच्या काठावर ताठ बसलेली, पाय जुळवलेले, हात मांडीवर, तोंड दाराकडे. चादरीला एक सुरकुती नाही. डोळ्यांनी दिसत नसताना तिने ती कधी आणि कशाला ओढली कोण जाणे.

"झालंय," ती एकदा मी आत जाताच म्हणाली. "सगळं झालंय."

"काय झालंय, आई?"

ती क्षणभर माझ्या दिशेने बघत राहिली. "तू होय," ती म्हणाली. "काही नाही गं. बस."

मला वाटलं वय झालं, घर बदललं, होतं असं. खरं सांगायचं तर मला तेव्हा आईकडे बघायला वेळ नव्हता, कारण मला दुपारी बाबा ऐकू यायला लागले होते.

वेड लागलं होतं असं नाही. दुपारी जेवणं झाली की दुकानात शांतता असायची. नवरा कामावर, आई वर पडलेली. समोरच्या खिडकीतून ऊन जिन्याच्या पायथ्याशी यायचं आणि तासाभरात सरकत वर जायचं. त्याच्याबरोबर पायऱ्या वाजायच्या. टक. थोड्या वेळाने तिच्या वरची, टक. मग तिच्याही वरची. एक माणूस अगदी सावकाश, आपल्याच तंद्रीत चढत असावा. नवरा म्हणाला, नवीन लाकूड आहे, उन्हाने अंग आवळतंय. मला ते ठाऊक नव्हतं का? लाकूड माझ्या हातातलं. पण वळणापाशी आवाज पोचला की टक व्हायचं नाही. धप व्हायचं. हलकंसं, पण धप. आणि ते मला कानांनी नाही, बाकावर टेकलेल्या कोपरांतून कळायचं. वाळणारं लाकूड तडकतं, चिरतं, कण्हतं. पाय आदळल्यासारखं ते वाजत नाही.

माझ्या अंगावर काटा यायचा आणि तरी मी रोज त्या वेळेची वाट बघायचे. आवडायचं मला ते. बाबा गेले तेव्हा मी परगावी कामावर होते, शेवटचं भेटले नव्हते. मला वाटायचं, मी त्यांना त्यांचा जिना करून दिला आणि ते आले. कधी कधी मी हळूच "बसा" असंही म्हणायचे.

आई अधूनमधून खाली यायची. मी रंधा मारत असले, करवतीचं मशीन चालू असलं, तरी वळणावरचा तो दणका जिन्याच्या फळीतून बाकात आणि बाकातून माझ्या तळहातात यायचा. मग मी मान न उचलता विचारायचे, "आई? कुठे?" काळजीच होती त्यात, दुसरं काय असणार. दिसत नाही, रस्त्यावर गाड्या.

"कुठे नाही," ती वळणावरूनच म्हणायची. "पाणी प्यायला येत होते."

पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी भरलेला असायचा. मी रोज भरायचे तो. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. ती तिथूनच मागे फिरायची आणि मी पुन्हा रंधा मारायला लागायचे.

हळूहळू ती खाली येईनाशी झाली. ताट तसंच परत यायला लागलं. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. एक दिवस मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्यासाठी एखादी जागा बघशील का? जिथे म्हाताऱ्या माणसांना ठेवतात. जिना नसलेली बघ."

माझ्या हातातला कंगवा थांबला. मी किती बोलले मग. पायरीन् पायरी तुझ्यासाठी कोरली, म्हटलं. आठवडाभर त्या धुळीत बसले. माझं घर म्हणजे तुला धर्मशाळा वाटली का, म्हटलं. लोक काय म्हणतील तेसुद्धा म्हटलं, जे मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"माहीत आहे गं," ती म्हणाली. "म्हणून तर इतके दिवस बोलले नाही."

मी तणतणत खाली आले. वळणावर धप, आणि त्या दणक्याचाच मला राग आला. तो जिनाच नको झाला. भिंतीपाशी गेले, बाबांचे फर्मे टांगले होते तिथे, आणि वळणाचा फर्मा खिळ्यावरून ओढून काढला. तोडूनच टाकणार होते. फर्मा निघाला आणि त्याच्या मागून दुसरा खाली पडला.

तोही वळणाचाच. तेच दात, तीच लांबी, खिळ्याचं भोकही त्याच जागी. पण याचे सगळे दात एका ओळीत. कुठलाच खाली नाही.

मी दोन्ही बाकावर शेजारी शेजारी ठेवले. सरळ दातांचा जुना होता, प्लाय काळपट पडलेला, कडा पेन्सिल फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या. तो वापरलेला होता. म्हणजे जिना आधी बरोबर बांधलेला होता. आणि तेव्हा मला ते दिसलं, जे सुतार असून मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. हात घसरला की चूक होते, तिचा फर्मा कुणी करत नाही. फर्मा करायचा म्हणजे आधी ठरवायचं, आखायचं, कापायचं, लावून बघायचं, भोक पाडून खिळ्याला टांगायचं. केसभर फरक नव्हता म्हणून मी रडले होते, आणि तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं.

खाली गेलेल्या दाताचा, नंतर केलेला फर्मा मी उलटा केला. मागच्या बाजूला लाल खडूच्या रेघा होत्या. घराचं अर्धं छप्पर आणि एक माणूस फळीवर उरलेलं, बाकीचं करवतीखाली गेलेलं. ती फळी मी ओळखली. लहानपणी एकदा आई आणि मी मावशीकडे राहायला गेलो होतो. सुट्टी नसताना सुट्टी, एवढंच मला आठवतं. मावशीने मला रंगीत खडू दिले होते. मग बाबा न्यायला आले, आम्ही परत आलो, आणि मी त्या खडूंनी प्लायच्या एका फळीवर घर काढलं. दुसऱ्या दिवशी फळी नव्हती. मी भोकाड पसरलं. बाबा म्हणाले होते, कामाला लागली गं, तुला दुसरी देतो.

दिलीही होती. त्यांनी शब्द कधी मोडला नाही.

मी दोन्ही फर्मे घेऊन जिना चढले. वळणावर पाय आदळला. वर रेडिओ बंद झाला. आई काठावर ताठ बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि फर्मे तिच्या मांडीवर ठेवले. तिने दातांवरून बोटं फिरवली. एकावरून, मग दुसऱ्यावरून. खालच्या दातापाशी बोट थांबलं.

"मशीन चालू होतं," ती म्हणाली. मी काहीच विचारलं नव्हतं. "त्या दिवशी. खाली ते फळ्या कापत होते. मशीनच्या आवाजात मी तुला कडेवर घेऊन उतरले आणि बाहेर पडले. म्हणून जमलं. नाहीतर कुठलं जमायला."

"मारायचे का तुला?"

"छे. हात कधी उचलला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. नुसतं विचारायचे." तिने खालच्या दातावर बोट दाबलं. "बहिणीकडून आणलं आणि ही पायरी केली. दोन दिवस खपत होते. बाकही तेव्हाच जिन्याला जोडला. मग मशीन चालू असू दे, रंधा असू दे, पाय आदळला की त्यांच्या हाताला कळायचं. खालून विचारायचे, 'कुठे?' एवढंच. ते स्वतः चढताना मात्र विचारायचं नसायचं. धप झालं की मीच समजून घ्यायचं, की ते येताहेत."

"आणि आम्ही हसायचो," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत. त्यांनाही लोक हसलेले आवडायचे." तिने फर्मे माझ्याकडे सरकवले. "मेलेत ते, मला कळतं गं. माझं डोकं ठिकाणावर आहे. पण त्या पायरीला कुठे कळतं?"

मला बाबांचा राग यायला हवा होता. आलाही, पण त्याच्याखाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. त्यांनी मला करवत धरायला शिकवली होती, माझं बोट कापलं तेव्हा ते स्वतः रडले होते, आणि तोच माणूस दोन दिवस त्या पायरीपाशी बसून माझ्या आईचं पाऊल हाताला कळेल अशी ती करत होता. आणि मी ते सगळं उचलून, मन लावून, माझ्या घरात पुन्हा बसवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी वळण उघडलं. जुन्या फर्म्यावरून, सरळ दातांच्या, नवीन फळी आखली. नवऱ्याने काम बुडवून मदत केली आणि एकही विनोद केला नाही. संध्याकाळपर्यंत पायरी जागेवर उचलली गेली. मग मी चढून बघितलं, तो चढला. नुसते साधे पाय वाजले. वर रेडिओ चालूच राहिला. आम्ही दोघं जिन्यावर उभे राहून एका भिकार जाहिरातीचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

आईला मात्र नवी पायरी शिकावी लागली. तिचा पाय तिथे येऊन खोल जागा शोधायचा आणि पायरी लवकर लागून ती झोकांडायची. मी हात धरला तर तिने सोडवून घेतला. "पडू दे पडले तर," ती म्हणाली. कठडा धरून पुन्हा पुन्हा वर-खाली करत राहिली. ताट रिकामं परत यायला लागलं.

दुपारच्या पायऱ्या अजून वाजत होत्या. ऊन चढायचं तसं टक, टक करत वर जायच्या. पण आता धप नव्हतं. आवाज वळणाखालच्या पायरीपर्यंत यायचा आणि थांबायचा. ऊन पुढे निघून जायचं, वरच्या पायऱ्या मात्र वाजायच्या नाहीत. मी बाकाशी बसून वाट बघायचे आणि माझ्या पाठीमागे, वळणाखाली, कोणीतरी पुढचा पाय कुठे टाकायचा या विचारात उभं आहे, असं मला इतकं स्पष्ट वाटायचं की मी मान वळवायचे नाही. "बसा" म्हणायचं तर मी केव्हाच सोडलं होतं.

मला वाटलं, काम झालं. चुकीच्या जागी बरोबर फळी बसवली की सुताराला असंच वाटतं.

मग एका सकाळी मी एका जिन्याचा फर्मा जुळवत बसले होते. आई उतरत होती. वळणावर तिचा पाय किंचित अडखळला, कठडा कुरकुरला, आणि माझ्या तोंडून मान न उचलता निघालं, "आई? कुठे?"

मी वर बघितलं. ती वळणावर उभी होती, पाय जुळवलेले, हात पोटाशी धरलेले. पायात चपला होत्या. चपला घालून पाणी प्यायला कोणी येत नाही.

"कुठे नाही," ती म्हणाली, आणि वळून वर गेली. तिचा पाय कुठेच आदळला नाही. थोड्या वेळाने रेडिओ बंद झाला.

मी हातातली पट्टी खाली ठेवली. तो एकच शब्द, आणि तो माझा आवाज नव्हता. म्हणजे आवाज माझाच, पण त्याची उंची, मान खाली ठेवून विचारणं, शेवटी जरा ओढणं, हे सगळं मी कुठून उचललं ते मला नीट माहीत होतं. लहानपणी बाबांच्या बाकाखाली भुशात बसून मी तो शब्द दिवसातून किती वेळा ऐकला असेल. पायरी बदलता आली. याच्यासाठी कुठल्या खिळ्यावर जुना, सरळ फर्मा टांगलेला असेल, ते मला कळेना.

त्या दिवसापासून आई उतरायची चाहूल लागली की मी ओठ दाबून धरते. सोपं वाटतं, पण नाही. शब्द आपोआप येतो, शिंकेसारखा. एकदा मी त्याला थोपवताना ओठ चावला आणि रक्त आलं. पहिले काही दिवस आई वळणापर्यंत यायची, थांबायची, ऐकायची आणि परत जायची. तिला वाटत असणार, मी ऐकलं नाही म्हणून विचारलं नाही. ऐकलं की विचारीनच.

मग ती दुपार आली. ऊन जिन्यावर चढत होतं. पायऱ्या वाजत वळणाखालपर्यंत आल्या आणि नेहमीसारख्या थांबल्या. वर दार उघडलं. आई उतरायला लागली. चपलांचा आवाज, बाहेर जाताना घ्यायच्या काठीचा आवाज, एक पायरी, दुसरी. वळणावर ती थांबली. तिच्या खालच्या पायरीवर, जिथे तो आवाज येऊन थांबला होता, तिथे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी बाकावर दोन्ही तळहात टेकून बसले होते. हाताला काहीच लागत नव्हतं. पण घरात तो प्रश्न उभा होता. माझ्या घशात तर होताच, पण फक्त तिथेच होता असं मला वाटेना. आम्ही दोघी तो विचारला जाण्याची वाट बघत होतो.

मी उठले आणि मशीनचं बटण दाबलं.

फळी लावलेली नव्हती. करवत नुसतीच फिरायला लागली. दुकान त्या आवाजाने भरलं, जिना भरला, वरच्या खोल्या भरल्या, खिडकीची काच थरथरायला लागली. त्या आवाजात कोणी काही विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं. मी जिन्याकडे न बघता उभी राहिले, माझी नजर करवतीवर होती.

डोळ्याच्या कोपऱ्यातून मला आई दिसली. ती शेवटच्या पायरीवर आली, मशीनच्या दिशेने तोंड करून क्षणभर उभी राहिली आणि हसली. तरुणपणी ती अशी हसत असावी, मी कधी बघितलं नव्हतं. मग काठी पुढे टाकत, घाई न करता, ती उघड्या दारातून बाहेर पडली.

ती रस्त्याच्या आवाजात मिसळून जाईपर्यंत मी मशीन बंद केलं नाही.